सुकाणूच्या खोलीतला फोन

“इलेक्ट्रिशियनला विचारा, अजून किती वेळ लागेल,” कॅप्टन मयेकर म्हणाले.

मी त्यांच्यापासून दोन हातांवर, ब्रिजच्या लाकडी फळ्यांवर मांडी घालून बसलो होतो. पुढ्यात टेलिफोनचा हँडसेट उघडून ठेवला होता. सेकंड ऑफिसर थत्ते आमच्या दोघांच्या मध्ये उभा होता. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“तारी, किती वेळ?”

“अर्धा तास.”

“अर्धा तास म्हणतोय, सर.”

कॅप्टनांनी मान हलवली आणि पुन्हा येरझारा सुरू केल्या. काचेपासून नकाशाच्या टेबलापर्यंत आणि टेबलापासून काचेपर्यंत. सकाळपासून हेच चाललं होतं. बॅरोमीटरचा काटा खाली खाली जात होता, आणि जाता-येता ते त्याच्या काचेवर बोटाने टकटक करत होते.

त्र्याऐंशी सालचा मे महिना संपत आला होता. ‘जलमोहिनी’ सिमेंटच्या गोणी भरून गुजरातेतून मंगळूरला निघाली होती. जहाज जुन्या धाटणीचं. ब्रिज, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती वरची काचांची खोली, जहाजाच्या मधोमध. इंजिन तिच्या खाली. आणि सुकाणूची खोली थेट शेपटाला. दोहोंच्या मध्ये उघडा डेक.

कॅप्टन माझ्याशी बोलत नसत. जहाजावर ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि का ते तर त्याहून जास्त ठाऊक होतं. विश्राम मयेकर माझ्या बायकोचे थोरले भाऊ. त्यांनी शालनसाठी कणकवलीचा एक हायस्कूल मास्तर बघून ठेवला होता, साखरपुड्याची तारीखसुद्धा धरली होती. त्याच्या आदल्या आठवड्यात शालनने माझ्याशी रजिस्टर लग्न केलं. तेव्हापासून त्यांनी आमचं तोंड पाहिलं नव्हतं. मी उमाकांत तारी, आयटीआय करून बोटीवर लागलेला देवगडच्या गाबताचा, म्हणजे मासेमाऱ्याचा मुलगा, ते कॅप्टन. माझ्या मते कारण एवढंच होतं, आणि शालनच्याही मते एवढंच. कंपनीने आम्हाला एका जहाजावर टाकलं तेव्हा आमच्या लग्नाला सहा वर्षं होऊन गेली होती.

त्यामुळे माझी कामं थत्तेमार्फत यायची, माझी उत्तरं थत्तेमार्फत जायची. थत्ते पुण्याचा, स्वभावाने बोलका. या प्रकाराचा त्याला कंटाळा आला होता.

“हा फोन एवढा महत्त्वाचा आहे का?” तो माझ्याजवळ उकिडवा बसत म्हणाला. “इंटरकॉम आहे की चांगला.”

“इंटरकॉमला वीज लागते. याला नाही लागत.”

“मग चालतो कशावर?”

मी त्याला तो भाग हातात दिला. मधे बोटभर लोहचुंबक, त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी, आणि पुढे एक पातळ गोल पत्रा. गुंडाळीची तार एका टोकाला तुटली होती. ती सोडवून मी नव्याने वेढे देत होतो. जहाज डुलत होतं, आणि दर डुलण्याला वेढा निसटत होता.

“आपण बोललो की हा पत्रा थरथरतो,” मी म्हणालो. “पत्रा हलला की गुंडाळीतून जाणारा चुंबकाचा जोर कमी-जास्त होतो. तो कमी-जास्त होत राहिला की तारेत वीज तयार होते. ती तिकडच्या गुंडाळीत पोचते, तिकडचा पत्रा थरथरतो, आणि ऐकू येतं.”

“म्हणजे वीज आपल्या आवाजाची?”

“आवाजाचीच. दुसरी कुठून आणणार? म्हणून यात जोरात बोलावं लागतं. पुटपुटलेलं पोचत नाही.”

थत्ते हसला. कॅप्टन येरझारा घालता घालता थांबले होते. मी वर पाहिलं तेव्हा ते बाहेर बघत होते.

जोडणी झाली. हँडसेट बंद करून मी भिंतीवर लावला, बाजूचा दांडा गरगर फिरवला. तिकडे शेपटाला हुसेन सरंग उभा होता. सरंग म्हणजे खलाशांचा मुकादम. हा दाभोळचा, बोटींवर म्हातारा झालेला माणूस.

“बोला साहेब!” त्याचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा आला, पण स्पष्ट आला.

“काम झालं, म्हणून सांगा,” मी थत्तेला म्हणालो. त्याने कपाळाला हात लावला.

दुपारी वारा वाढला. नैऋत्येकडून लाटा येऊ लागल्या. आधी एकेक, मग एकीच्या पाठीवर दुसरी. आमची दिशा दक्षिणेची, जमीन डाव्या हाताला. पुढे डावीकडे निवतीचे खडक होते. पाण्यातून वर आलेले काळे सुळके, त्यांतल्या एकावर दीपगृह. कॅप्टनांनी जहाज शक्य तितकं बाहेर, खोल समुद्राकडे ठेवलं होतं. चांगल्या हवेत ते अंतर भरपूर होतं.

मी इंजिनरूममध्ये स्विचबोर्डापाशी होतो. एक लाट आली. ती आली तेव्हा जहाज काही वेळ डावीकडे कलून तसंच राहिलं, परत उठायचं विसरल्यासारखं. मग डोक्यावर काच फुटल्याचा आवाज झाला. इंजिनरूमचं वरचं झाकण तुटलं आणि समुद्राचं पाणी मोकळ्या हौदातून ओतावं तसं थेट स्विचबोर्डावर कोसळलं. निळा जाळ उठला. चीफ इंजिनियर नरोनासाहेबांनी माझी कॉलर धरून मला मागे ओढलं नसतं तर मी आज ही गोष्ट सांगत नसतो.

दिवे गेले, पंखे गेले. इमर्जन्सी बॅटऱ्या त्याच भिंतीलगत होत्या, त्याही गेल्या. मुख्य इंजिन तेवढं धडधडत राहिलं, कारण त्याचे पंप त्यालाच जोडलेले होते. पण सुकाणू फिरवणारी मोटर विजेची होती.

“स्टिअरिंग!” नरोनासाहेब ओरडले. “तारी, मागे जा! हाताने फिरवायला लागेल!”

शिडी चढून वर आलो तर हुसेन सरंग आधीच डेकवर कमरेला दोर बांधून उभा. एक टोक त्याने माझ्या कमरेला बांधलं. आम्ही कठड्याला धरून मागे पळालो. पळालो म्हणजे काय, एक लाट डोक्यावरून जाऊ द्यायची आणि दुसरी यायच्या आत चार पावलं टाकायची. पुढचं टोक हळूहळू डावीकडे वळतंय हे मला धावता धावतासुद्धा कळत होतं. सुकाणू डावीकडे वळलेलं असतानाच मोटर बंद पडली होती. जहाज आपल्या पायाने खडकांकडे निघालं होतं.

सुकाणूची खोली डेकच्या खाली, लोखंडी शिडी उतरून जायची. वरच्या वायुवीजनाच्या नळकांड्यातून थोडा उजेड येत होता. सरंगाने मोटरची जोडणी सोडवली, मी वॉल्व्ह फिरवले, आणि त्याने हाताच्या चाकावर अंग टाकलं. हे चाक पुष्कळ वेळा फिरवलं की सुकाणू थोडंसं हलतं. किती हललं ते पितळी पट्टीवरचा काटा दाखवतो. दोन माणसांचं काम ते.

फोन घुरघुरला. मी उचलला.

“तारी? थत्ते बोलतोय. कॅप्टन म्हणतायत उजवीकडे दहा अंश.”

“उजवीकडे दहा!” मी ओरडलो. सरंग फिरवू लागला, मीही एका हाताने लागलो. काटा डावीकडून मधे यायला लागला.

“झालं का, विचारतायत.”

“मधे आला. उजवीकडे चाललाय.”

“मधे आलाय, सर. काय? पंधरा? तारी, पंधरा करा म्हणतायत. नाही, थांब, सर काय म्हणालात?”

तेवढ्यात दुसऱ्या बाजूला काहीतरी खडखडलं. थत्तेचा “सर, घ्या” असा आवाज आला. आणि मग सहा वर्षांत प्रथमच कॅप्टनांचा आवाज थेट माझ्याशी बोलला.

“तारी. उजवीकडे वीस. लवकर.”

“उजवीकडे वीस, साहेब.”

बस, एवढंच. पण थत्ते मधून गेल्याबरोबर कामाला वेग आला. त्यांनी सांगायचं, मी परत म्हणायचं, सरंगाने आणि मी चाक फिरवायचं. जहाजाचं तोंड वळायला लागलं. आणि तोंड वळलं तशा लाटा आम्हाला पुढून भिडू लागल्या. नाक वर गेलं की आमचं शेपूट खाली, नाक खाली गेलं की आम्ही हवेत, जहाज ढकलणारा पंखा पाण्याबाहेर येऊन नुसताच गरगरायचा आणि सगळी खोली थडथडायची. पाय जिथे ठेवावा तिथून जमीन निघून जात होती.

अशाच एका उसळीला सुट्या भागांची लोखंडी पेटी दोर तोडून सुटली. ती सरंगाच्या मांडीवर आदळली. तो चाक न सोडता खाली बसला. मी भिंतीवर फेकला गेलो आणि हँडसेट हातातून सुटून लोखंडावर आपटला.

“सरंग!”

“पाय गेला,” तो दात आवळून म्हणाला. “तू चाक धर.”

वर दोन खलाशी आमच्या मागोमाग आले होते. मी हाक मारली, त्यांनी दोर टाकला आणि सरंगाला वर खेचून घेतलं. जाता जाता म्हातारा मला म्हणाला, “मी माणूस पाठवतो.” पण त्याला मधल्या भागात पोचवेपर्यंत डेकवर पाणीच पाणी झालं. नंतर कळलं, दोनदा माणसं निघाली आणि दोनदा लाटेने त्यांना कठड्यावर आपटून परत पाठवलं. शिडीवरचं झाकण मी ओढून बंद केलं. मग वरचं नळकांडं मुळापासून उखडून गेलं आणि त्या भोकातून, दर लाटेला, बादल्या भरभरून पाणी आत यायला लागलं.

मी हँडसेट उचलला.

“तारी! रिपोर्ट! तारी!”

“साहेब, सरंगाला लागलंय, त्याला वर नेलंय, मी एकटा आहे.”

“तारी! उत्तर दे! थत्ते, फोन गेला की माणूस गेला?”

त्यांचं मला ऐकू येत होतं, माझं त्यांना नाही. मी बोलण्याच्या बाजूवर हात फिरवला. झाकण फुटलं होतं, पत्रा चेपला होता. एक क्षण माझं डोकं चालेना. मग हँडसेट उलटा केला आणि ऐकायची बाजूच तोंडापाशी धरली. तिच्यातही तीच गुंडाळी, तोच चुंबक. वीज आली की पत्रा हलतो आणि आवाज होतो. पत्रा हलवला की वीज होते. दोन्हीकडून चालणारी वस्तू आहे ती.

“साहेब! मी आहे!” मी फुप्फुसं फाटेस्तोवर ओरडलो. आणि झटकन ती कानाला लावली.

“बोल, तारी!” पलीकडून आलं.

“मी एकटा आहे! बोलायचा भाग फुटलाय! एकाच बाजूने बोलतोय आणि ऐकतोय! तुम्ही बोलून झालं की थांबा!”

“समजलं,” ते म्हणाले. “चाक फिरवतोस?”

“फिरवतोय!”

गळ्यातल्या टॉवेलने मी हँडसेट कानावर घट्ट बांधला. दोन्ही हात चाकाला लागले. बोलायचं असलं की टॉवेल खाली ओढून तोंडाशी आणायचा, परत वर ढकलायचा. एकट्याने ते चाक इंचाइंचाने फिरत होतं. दंड आधी दुखले, मग जळले, मग त्यांना काही वाटेनासं झालं.

“उजवीकडे वीसच ठेव. सोडू नको.”

“होय साहेब!”

“पाणी आहे का आत?”

घोट्याच्या वर होतं. मी तसं सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं तेव्हा गुडघ्याला लागलं होतं, तेही सांगितलं. त्यानंतर ते ब्रिजवरच्या माणसांशी बोलू लागले. पण लाईन उघडीच होती. त्या जुन्या हँडसेटला दाबायचं बटण वगैरे नव्हतं. त्याच्याजवळ जे जोरात बोललं जाईल ते तारेत उतरायचं. कॅप्टनांनी फोन तोंडाशीच धरून ठेवला असणार, कारण ब्रिजवरचा गलका मला ऐकू येत होता.

नरोनासाहेबांचा आवाज आला. ते इंजिनरूममधून वर आले असावेत. “विश्राम, त्याला बाहेर काढ. नळकांडं गेलंय. एक मोठी लाट आली की ती खोली भरेल.”

“आणि सुकाणू?”

“बांधून ठेवू दे त्याला. वीस अंशावर बांधून बाहेर येऊ दे.”

“बांधलं तर गोल फिरू, थेट त्या सुळक्यावर जाऊ. बघ ना समोर. मला ते दर मिनिटाला इकडेतिकडे करायला लागणार आहे.”

“तो मरेल, मॅन.”

त्यानंतर जे आलं ते मला उद्देशून नव्हतं. कुणालाच उद्देशून नसावं. पण ते पुटपुटणं नव्हतं, नाहीतर माझ्यापर्यंत आलंच नसतं. आतापर्यंत मी ज्या माणसाच्या तोंडून फक्त इंग्रजी आणि शुद्ध मराठी ऐकली होती तो एकदम घरच्या मालवणीत ओरडला.

“माका कळता मां तां! माझो बापूस गेलो, धाकलो भाऊस गेलो, दोघांचीय मडी मिळाक नाय! आयेच्या हातार हात ठेवन सांगितलंय, शालनाक दर्यावाल्याच्या घरात दिवचंय नाय म्हणान! आणि आता मीच तिच्या घोवाक थय…”

वाक्य तिथेच तुटलं.

मी चाक फिरवत होतो. पाणी मांड्यांना लागलं होतं, थंड होतं, आणि त्यात तेलाचा वास होता. सहा वर्षं मी या माणसाबद्दल काय काय मनात धरून बसलो होतो. माझी जात, माझं शिक्षण, माझ्या बापाची होडी. यातलं काहीच त्यांच्या मनात नव्हतं. बाप आणि भाऊ दर्यात बुडाल्याचं शालनने मला सांगितलं होतं, पण तिला दर्यावाल्याच्या घरात देणार नाही हा आईला दिलेला शब्द तिला माहीत नव्हता. त्यांनी तो कुणालाच सांगितला नव्हता.

मी टॉवेल खाली ओढला.

“दादा!” मी ओरडलो. “मी हय आसंय! तुमी फक्त डिग्री सांगा!”

परत कानाला लावलं. लाट आली, खोली उचलली गेली, खाली आपटली.

“ऐकलंस?”

“होय!”

“सगळा?”

“होय, दादा!”

“बरा,” ते म्हणाले. मग लगेच, “दहावर आण. आता पाच. पाच धर. आता परत वीस, मार वीस!”

त्यानंतर ते बोलायचे थांबलेच नाहीत. पुढे काय दिसतंय ते सांगत होते. दीपगृह दिसतं, आता दिसत नाही, आता दिसलं. पहिला सुळका डाव्या खांद्यावर आहे. पाणी पांढरं आहे तिथे. उजवीकडे पंधरा. मधे आण. आकडे संपले की तेवढ्यापुरतं दुसरं काहीतरी. मला एकटं राहू द्यायचं नव्हतं त्यांना, की मी चाक सोडू नये म्हणून बोलत होते? तेव्हाही मला कळलं नाही, आणि पुढे विचारायचा धीर झाला नाही.

“चेडवाचा नाव काय ठेवलास?”

माझ्या मुलीचं नाव विचारत होते ते, पण हा प्रश्न मला आधी समजलाच नाही. मला वाटलं काहीतरी अंश सांगितले.

“काय?”

“चेडू आसा मां तुका? नाव काय?”

“मुक्ता!”

“कोणाची सय येता तिका बघून? शालनाची?”

“तुमची!” मी ओरडलो. पाणी कमरेला आलं होतं आणि माझे दात वाजत होते. “हट्टी आसा!”

फोनमध्ये एक आवाज आला. ते हसले की खोकले ते त्या बारीकशा पत्र्याला सांगता आलं नाही.

“उजवीकडे वीस. हां शेवटचो. जितको जोर आसा तितको लाव. लाव, उमाकांत, लाव!”

मी चाकावर छाती टेकवली, पाय मागच्या भिंतीच्या लोखंडी फासळीला रोवले आणि अंग ढकललं. काटा सरकला. थांबला. परत सरकला. बाहेरून एक आवाज आला, लाटांचा नव्हे. लाट दगडावर फुटते तो, जवळचा, डाव्या बाजूचा. तो किती वेळ चालला मला सांगता येणार नाही. मग तो मागे राहिला. मग ऐकू येईनासा झाला.

“तारी.” आवाज परत कॅप्टनचा झाला होता. “खडक मागे पडले. सुकाणू मधे घे, बांध, आणि झाकणाखाली उभा राहा. माणसं येतायत.”

माणसं आली. झाकण वरून उघडलं तेव्हा पाणी वाढलं होतं, शिडीवर चढूनही मी छातीपर्यंत पाण्यात होतो. माझी बोटं शिडीला अशी चिकटली होती की खलाशांना ती एकेक करून सोडवावी लागली. त्यांनी मला ब्रिजवर नेलं, कारण कोरडी जागा तेवढीच उरली होती. कॅप्टन काचेपाशी पाठमोरे उभे होते. वळले. माझ्याकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, काही कमी झालेलं नाही ना हे बघावं तसं.

“थत्ते,” ते म्हणाले, “इलेक्ट्रिशियनला कोरडे कपडे द्या.”

थत्ते कपडे आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुरगाव बंदराच्या आडोशाला नांगर टाकला. सरंगाला दवाखान्यात हलवलं. वारा पडला होता, पण कुणाचंच चित्त ठिकाणावर नव्हतं. माणसं उगाच इकडून तिकडे जात होती, बसली की उठत होती. मलाही जेवण जाईना. अंगात अजून ते चाक फिरत होतं. संध्याकाळी कॅप्टनांनी मला केबिनमध्ये बोलावलं. थत्ते नव्हता. आम्ही दोघेच.

“दार लाव,” ते म्हणाले.

मी लावलं. बसायला सांगतील असं वाटलं, पण त्यांनी सांगितलं नाही. तेही उभेच होते.

“उद्या तुला उतरायचंय. कंपनीला कळवलंय मी. तुझ्या जागी दुसरा माणूस येईल.”

मला आधी कळेना. मग तळपायाची आग मस्तकात गेली. कालपर्यंत मी जे गिळत आलो होतो ते सगळं तोंडाशी आलं.

“माझं काय चुकलं?” मी म्हणालो. “काल तिथे खाली मी काय चुकलो, तेवढं सांगा. एवढं करून तुम्ही मला जहाजावरून काढताय? माझं तोंड बघायचं नसेल तर नका बघू. सहा वर्षं मी काही मागितलेलं नाही तुमच्याकडे.”

त्यांनी मला बोलू दिलं. मग टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकले. तेव्हा मी पाहिलं, त्यांच्या उजव्या हाताची बोटं सरळ होत नव्हती. तासन्‌तास हँडसेट आवळून धरल्याने आखडली होती.

“तू चुकूक नाय,” ते म्हणाले. “पण एका जहाजार आपण दोघा नको. माझो बापूस आणि भाऊस एकाच गलबतार होते. म्हणान घरात कमावतो कोण उरलो नाय. माझ्याबरोबर तू परत चढाचा नाय, तुझ्याबरोबर मी चढाचंय नाय. एक बुडालो तर दुसरो घराकडे व्हयो.”

बाहेर एक होडी भोंगा वाजवत गेली. मी उभा राहून राहून थकलो होतो. न विचारताच खाटेच्या कडेवर बसलो.

“समाजला?”

“समाजला, दादा.”

“मग जा. शालनाक सांग, मी गणपतीक येतंय.”

ते आले. पण तेव्हा मी एडनच्या वाटेवर होतो. पुढे ते असंच पडत गेलं. आम्ही दोघेही आपापल्या जहाजांच्या तारखा जुळवून घ्यायचो, दादा घरी असला तर मी दर्यावर, मी घरी असलो तर तो. मी रजेवर यायचो तेव्हा त्याचा सदरा अंगणातल्या दोरीवर वाळत असायचा आणि तो नुकताच गेलेला असायचा. मुक्ता त्याच्याकडून गाठी मारायला शिकली, पोहायला शिकली, शिव्याही शिकली. मनातल्या मनात मी त्याला अरे-तुरे कधी म्हणायला लागलो, माझं मलाच कळलं नाही. तोंडावर अर्थात अहो-जाहोच. आणि तोंडावर बोलायची वेळ फारशी आलीच नाही.

मुक्ताच्या लग्नात मात्र आम्ही एका मांडवात होतो. तोवर दोघेही निवृत्त झालो होतो. नवरामुलगा खाडीपलीकडच्या गावचा. लग्न लागल्यावर वऱ्हाड होड्यांतून पलीकडे जायचं होतं. खाडी ती केवढी. या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचा माणूस वळून बघेल एवढीच. पाणी आरशासारखं पडलेलं. नवरानवरी पुढच्या होडीत बसली, शालन बसली, मी चढलो, आणि मागे वळून हात पुढे केला.

“चला, दादा. जागा आहे.”

ते काठावरच उभे राहिले. पांढरं धोतर, हातात काठी. पाठीमागे दुसरी होडी रिकामीच होती.

“तू फुडे हो,” ते म्हणाले. “मी मागच्या होडीतसून येतंय.”

वऱ्हाडातली माणसं हसली. म्हाताऱ्याला काहीतरी विचित्र सवय आहे असं त्यांना वाटलं असेल. शालन हसली नाही. मीही आग्रह केला नाही. नावाड्याने बांबू टेकवला आणि होडी सुटली. आम्ही पलीकडे उतरेपर्यंत ते त्या काठावर उभे होते. आम्ही उतरलो हे पाहिलं, आणि मगच ते होडीत चढले.